खिशात दोनशे रुपये आणि सुट्टीचा एक दिवस : मुंबई कशी बघावी?

मानखुर्दच्या एका वस्तीत बचत गटाची बैठक सुरू होती. दिवाळीची सुट्टी होती, मुले घरात धुडगूस घालत होती. हप्त्यांचा हिशेब झाल्यावर विषय निघाला की पोरांना कुठे तरी फिरवून आणायला हवे. बहुतेकींनी मॉलचे नाव घेतले. थंडगार असते, सरकत्या जिन्यावर मुले खूश होतात, आत जायला पैसे लागत नाहीत. मी म्हटले, त्यापेक्षा फोर्टात जाऊ, चित्रांचे प्रदर्शन बघू, ओव्हल मैदानात बसू, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. गटातल्या एक ताई चेंबूरला चार घरची कामे करतात. मुंबईत येऊन त्यांना 19 वर्षे झाली. त्यांनी विचारले, "ताई, तिथं आपल्याला आत घेतात का?"

तिकीट किती, हे त्यांनी विचारले नाही. आत घेतात का, हे विचारले.

समाजशास्त्र शिकताना आम्हाला पिएर बोर्द्यू हा फ्रेंच अभ्यासक होता. त्याने सहकाऱ्यांबरोबर युरोपातल्या कलासंग्रहालयांत कोण जाते याचा अभ्यास करून 1966 मध्ये पुस्तक काढले. दार सगळ्यांना उघडे असले, तिकीट अगदी थोडे असले, तरी आत जाणारे बहुतेक शिकल्या-सवरल्या घरांतलेच असतात, असे त्यात दिसले. परीक्षेपुरते मी ते पाठ केले होते. त्याचा अर्थ मला मानखुर्दला त्या एका प्रश्नात कळला. कमी पैशात मुंबई कशी बघावी याचे व्हिडिओ हल्ली ढिगाने निघतात. त्यांतले निम्मे लोक शेवटी चारशे रुपयांची कॉफी पितात, ते सोडा. पण पैसे कसे वाचवायचे एवढेच सांगून आपल्या माणसांचे भागत नाही. जागा कुठे आहे, दार कुठल्या बाजूला आहे, आत गेल्यावर काय करायचे, कोणी हटकले तर काय बोलायचे, हेही सांगावे लागते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी प्रवास. मुंबईत स्वस्तात फिरायचे तर लोकलला पर्याय नाही. दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट 5 रुपये आहे. मानखुर्दहून सीएसएमटीला दहा-पंधरा रुपयांत जाता येते, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. दिवसभर चढ-उतार करायची असेल तर रेल्वेचे एक, तीन आणि पाच दिवसांचे पर्यटक तिकीटही मिळते. गावाकडून पाहुणे आले की ते काढून द्यावे, म्हणजे दर वेळी खिडकीपुढे रांग लावावी लागत नाही. बेस्टची बस मे 2025 पासून महागली. पहिल्या पाच किलोमीटरना साधी बस 10 रुपये, वातानुकूलित 12. त्याआधी पाच रुपये होते, त्यामुळे वस्त्यांमध्ये त्याची नाराजी आहे आणि ती रास्त आहे. तरीही दक्षिण मुंबईत धावणाऱ्या दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या काचेपाशी जागा मिळाली तर टॅक्सीवाल्यांपेक्षा शहर आपल्यालाच जास्त दिसते. जुन्या लाल दुमजली गाड्या सप्टेंबर 2023 मध्ये बंद झाल्या, आता धावतात त्या विजेवरच्या.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा : रविवारचा मेगाब्लॉक. हार्बरवर तो असला की साधारण अकरा ते चार-साडेचार गाड्यांचे काही खरे नसते. ज्यांना रविवारीच सुट्टी मिळते, त्यांच्याच दिवशी रेल्वेची दुरुस्ती निघते. इलाज एकच, आदल्या दिवशी वेळा बघायच्या आणि सकाळी लवकर निघायचे. आम्ही अकरा बाया आणि चौदा मुले आठच्या गाडीने निघालो.

सीएसएमटीला उतरल्यावर थेट पुढे पळू नका. स्टेशनच्या बाहेर, रस्ता ओलांडून, मागे वळून इमारत बघा. रोज हजारो माणसे तिच्यातून जातात आणि तिच्याकडे बघत नाहीत. 2004 पासून ती जागतिक वारसा आहे. 16 एप्रिल 1853 ला ठाण्याची पहिली गाडी इथूनच, तेव्हाच्या बोरीबंदरहून सुटली. मुलांना दगडात कोरलेले प्राणी शोधायला लावले. अर्धा तास कसा गेला कळले नाही, आणि खर्च शून्य.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने, दुकानांपुढच्या कमानींच्या सावलीतून हुतात्मा चौक आणि पुढे काळा घोडा. मुले बरोबर असली तरी अर्ध्या तासाची चाल. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून आहे आणि प्रवेश मोफत आहे. नावनोंदणी नाही, ओळखपत्र नाही. प्रदर्शने बदलत राहतात, आणि कित्येकदा चित्रकार स्वतः तिथेच बसलेला असतो. त्याला विचारायला लाजू नका, त्यालाही कोणी तरी विचारावे असेच वाटत असते. जवळच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, सोमवारी बंद. शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे तिकीट मोठ्या माणसांना आपल्या हिशेबाने जास्त वाटेल, पण मुलांना आणि विद्यार्थ्यांना सवलत असते. शाळेचे ओळखपत्र घरी विसरू नका.

याच भागात एका दालनाच्या दाराशी आम्हाला हटकले. रखवालदार काका म्हणाले, "इकडे मुलांचं काही नाही, बाहेर बसा." मी विचारले, "प्रवेश सगळ्यांना आहे ना?" ते म्हणाले, "आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढे त्यांच्याकडेही काही नव्हते. आम्ही आत गेलो. नंतर बोलता बोलता कळले की काका आमच्याच हार्बर लाइनवर राहतात. कोण आत शोभते आणि कोण नाही, हे त्यांना कोणी लिहून दिले नव्हते, इतकी वर्षे दारात उभे राहून त्यांनी ते गोळा केले होते. म्हणून गटाला आता मी आधीच सांगून ठेवते : हटकले तर भांडू नका, माघारीही फिरू नका. "प्रवेश मोफत आहे ना?" एवढेच विचारा आणि चालू लागा.

आत एक सातवीतली मुलगी एका चित्रापुढे बराच वेळ उभी होती. काळपट पाणी, कडेने पत्रे, वर पिवळा उजेड. म्हणाली, "हे आमच्या नाल्यासारखंच आहे, फक्त वास नाही." त्या प्रदर्शनावर एवढे नेमके दुसरे कोणी बोलले असेल असे मला वाटत नाही.

जेवणाचे सांगायचे तर, रविवारी फोर्टातली बरीच दुकाने आणि खानावळी बंद असतात, कारण त्या ऑफिसच्या गर्दीवर चालतात. आठवड्यातल्या दिवशी गेलात तर साध्या उडप्याकडची राइस प्लेट पोटभर होते, इराण्याकडे बन-मस्का आणि चहा मिळतो. रविवारी डबा न्यावा हे उत्तम. आम्ही चपाती, बटाट्याची भाजी आणि ठेचा नेला होता. ओव्हल मैदानाच्या कडेला झाडाखाली बसून जेवलो. समोर एकाच मैदानात इतके क्रिकेटचे सामने चालले होते की कोणाचा चेंडू कोण अडवतो ते कळेना. या मैदानाच्या एका अंगाला विद्यापीठ, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय अशा गॉथिक पद्धतीच्या इमारती, आणि दुसऱ्या अंगाला 1930 नंतरच्या काळातल्या आर्ट डेको इमारती. हा सगळा परिसर 2018 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. यासाठी परदेशातून लोक येतात. आम्ही तो ठेचा खात खात बघितला.

आता बायकांच्या बाबतीतली एक अडचण, जिच्याबद्दल फिरस्त्यांच्या व्हिडिओंत कोणी बोलत नाही : लघवी. दिवसभर बाहेर राहायचे म्हणून अनेक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पुरुषांना मुताऱ्या फुकट आणि बायकांना पैसे, याविरुद्ध मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' ही चळवळ उभी राहिली. परिस्थिती थोडी सुधारली, पुरेशी नाही. आमची युक्ती साधी आहे. स्टेशनवरचे स्वच्छतागृह, मग संग्रहालय किंवा कलादालनाचे, मग चर्चगेट स्टेशनचे, असे टप्पे निघण्याआधीच ठरवायचे आणि सुटे पैसे वेगळे बांधून ठेवायचे.

संध्याकाळी चर्चगेटवरून चालत मरीन ड्राइव्हला पोहोचलो. कठड्यावर बसलो. थोड्या वेळाने एक जण म्हणाली, "आता काय करायचं?" मी म्हटले, काही नाही. हे त्यांना सगळ्यात अवघड गेले. बाई घराबाहेर दिसली की तिच्या हातात पिशवी, मूल किंवा काम असलेच पाहिजे, असा आपला नेम आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 मध्ये 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहिले, मुंबईतल्या बायकांबद्दलच. बाईला काही कारण नसताना रस्त्यावर रेंगाळता आले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्ही दीड तास रेंगाळलो. चौदा मुलांना मिळून दोन वेळा शेंगदाणे, तेवढाच खर्च.

माझ्या वहीत त्या दिवसाचा हिशेब आहे. आई आणि दोन मुले अशा तिघांचा जाऊन-येऊन खर्च, वडापाव आणि चहा धरून, दोनशेच्या आत बसला.

फोर्टापुरतेच थांबायचे कारण नाही. भायखळ्याची राणीची बाग 1862 पासूनची. 2017 मध्ये तिचे तिकीट पाचाचे पन्नास झाले तेव्हा मलाही राग आला होता, पण आईवडील आणि दोन मुले अशा चौघांना 100 रुपयांत जाण्याची सोय ठेवलेली आहे, ती खिडकीवर मागून घ्यावी. बुधवारी बंद. गावदेवीला मणिभवन आहे, प्रवेश मोफत, गांधीजींचा मुंबईतला मुक्काम 1917 ते 1934 या काळात तिथे असे. मलबार हिलवर मार्च 2025 मध्ये झाडांमधून जाणारा उंच लाकडी मार्ग सुरू झाला. भारतीयांना तिकीट फक्त 25 रुपये, पण नोंदणी ऑनलाइन. आमच्या गटात अकरा जणींपैकी तिघींनाच ती जमली. पंचवीस रुपये सगळ्यांकडे होते.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी आपल्या वाचकांना सांगायला नकोत, पण एक सूचना करते. बहुतेक जण चैत्यगृहात फोटो काढून परततात. वर जा. शंभरावर लेणी आहेत, आणि बहुतेक विहारांपाशी खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे. पावसाचे पाणी चरांतून त्यात उतरते. ब्राह्मी लेखांत कल्याण, सोपारा, नाशिकच्या दात्यांची नावे आहेत, त्यांत पाण्याच्या टाक्यांचे दानही आहे. आमच्या वस्तीत टँकर येतो. त्या टाक्यांत वाकून बघत एक ताई कितीतरी वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "प्रत्येक खोलीला स्वतंत्र पाणी होतं." उद्यानाचे आणि लेण्यांचे तिकीट वेगवेगळे लागते, सोमवारी जाऊ नका.

पुढची सहल शिवडीची ठरली आहे. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत तिथल्या चिखलात रोहित पक्षी उतरतात, आपल्याच हार्बर लाइनवर, तिकिटाशिवाय. पण वेळ साधावी लागते. भरतीला चिखल बुडतो, पूर्ण ओहोटीला पक्षी लांब जातात. भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतर गेले तर ते जवळ दिसतात. भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा जुना हिशेब आहे : तिथीला पाऊणने गुणायचे. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, म्हणजे आठ-नऊला जेट्टीवर हजर. हा हिशेब मी गटात सांगितला तेव्हा 'आत घेतात का' विचारणाऱ्या ताईंनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणले आणि रविवारी येणारी अष्टमी शोधायला बसल्या.