पहिली एरर आधी

डिप्लोमाच्या जावा प्रॅक्टिकलला स्क्रीनभर एरर आल्या की पोरं हमखास सगळ्यात खालची एरर वाचतात, कारण नजरेसमोर तीच असते. मुळात चूक बहुधा एकच असते: वर कुठल्या तरी मेथडचा महिरपी कंस बंद करायचा राहिलेला. कंपायलर एकदा बिथरला की पुढच्या धडधाकट ओळींनाही नावं ठेवत सुटतो. मुद्दाम मर्यादा वाढवली नाही, तर शंभर एरर दाखवून थांबतो. म्हणून मी एवढंच सांगतो: वर जा, पहिली एरर दुरुस्त कर, पुन्हा कंपाइल कर.

ओळ क्रमांकावर किती विसंबायचं, हेही चुकीवर ठरतं. अर्धविराम सुटला तर कंपायलर नेमकी तीच ओळ दाखवतो. शेवटचा कंस राहिला तर मात्र बोट फाइलच्या तळाशी जातं, कारण काहीतरी कमी आहे हे त्याला तिथे पोचल्यावरच कळतं.

'कॅनॉट फाइंड सिम्बॉल' ही सर्वांत जास्त भेटणारी एरर. तिच्याखाली दोन ओळी असतात, कोणतं नाव सापडलं नाही आणि कुठे. त्या कुणीच वाचत नाही! 'स्ट्रिंग'चा एस लहान पडलेला असतो, एवढंच. 'सिस्टिम'चा एस लहान लिहिला तर 'या नावाचं पॅकेज नाही' अशी तक्रार येते. पोरं म्हणतात, "सर, आम्ही पॅकेज लिहिलंच नाही." बरोबर आहे, पण टिंबाआधीचं नाव ना व्हेरिएबल ठरलं ना क्लास, की कंपायलर ते पॅकेज समजतो.

क्लासचं नाव मोठ्या अक्षराने, मेथडचं लहान अक्षराने, स्थिरांक सगळे मोठ्या लिपीत, हे संकेत सन मायक्रोसिस्टिम्सने नव्वदच्या दशकातच लिहून ठेवले. कंपायलर ते तपासत नाही, म्हणून 'मार्कांपुरते' समजले जातात. माझं मत उलटं आहे. 'स्टुडंट' क्लासमध्ये कुणी 'व्हॉइड स्टुडंट' लिहितो. कंपायलरच्या लेखी ती साधी मेथड. एररच येत नाही. पण तो कन्स्ट्रक्टर उरत नाही, आणि रोल नंबर शून्यच छापला जातो. संकेत अंगवळणी पडलेल्याला 'व्हॉइड'पुढचं मोठं अक्षर लगेच खटकतं.

आपल्याच क्लासला 'स्ट्रिंग' नाव देणारेही भेटतात. प्रोग्रॅम विनातक्रार कंपाइल होतो, आणि चालवायला गेलं की मेन मेथड सापडत नाही म्हणतो. तिथे मेनच्या कंसातली 'स्ट्रिंग' जावाची नसते, त्यांची स्वतःची असते.