तेलविहिरीतल्या पाण्याला जेलचा बांध

जगभरच्या तेलविहिरी तेलापेक्षा पाणीच जास्त उपसतात. तेलाच्या एका पिंपामागे पाण्याची तीन, असा ढोबळ हिशेब मांडला जातो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, आर्बकल थरातल्या जुन्या विहिरींत तर 100 पिंपांतली 95हून अधिक पाण्याचीच निघतात. हे खारे पाणी वर खेचायचे, तेलापासून वेगळे करायचे आणि पुन्हा जमिनीत सोडायचे. खाली तेल शिल्लक असतानाही विहिरी बंद होतात, त्या या खर्चापायी.

काही ठिकाणी पाणी मुद्दाम सोडलेले असते. मुंबई हायच्या चुनखडकात 1984पासून ते सोडले जाते, तेल विहिरीकडे ढकलण्यासाठी. पण खडकात मोठी भेग असली की पाणी तिच्यातूनच पळते. पाट फुटल्यावर वाफा कोरडा राहावा, तसे बारीक छिद्रांतले तेल जागच्या जागी राहते.

भेगेत खोलवर सिमेंट पोचत नाही. पाण्यासारखे वाहत जाऊन आत घट्ट होणारे काहीतरी हवे. पॉलिअ‍ॅक्रिलमाइडच्या लांब साखळ्या क्रोमियमने एकमेकींना बांधल्या की पाण्याचेच जेल होते, हे ठाऊक होते. अडचण वेळेची होती, शिवाय त्यासाठी वापरले जाणारे डायक्रोमेट विषारी. मॅरेथॉन ऑइल कंपनीतले रॉबर्ट सिडान्स्क यांनी 1980च्या दशकात क्रोमियम अ‍ॅसिटेट निवडले. अ‍ॅसिटेट क्रोमियमला धरून ठेवते आणि हळूहळू सोडते; तेवढ्या अवधीत द्रावण खोलवर पोचते. वायोमिंगच्या बिग हॉर्न खोऱ्यात ते कामी आले.

जेल किती घट्ट झाले हे ठरवण्याची सिडान्स्क यांची परीक्षा तर फारच सुंदर! जेलची बाटली उलटी करून नुसते पाहायचे आणि ‘ए’पासून ‘जे’पर्यंत श्रेणी द्यायची. ‘ए’ म्हणजे जेल झालेलेच नाही. ‘जी’ बाटलीत अर्ध्यापर्यंत ओघळते. ‘जे’च्या बाटलीवर टिचकी मारली, तर नादकाट्यासारखे कंपन बोटांना जाणवते.

‘जेल फक्त पाणी अडवते’ हा दावा मात्र तपासून घ्यावा. न्यू मेक्सिको टेकचे रँडी सेराइट यांनी प्रयोगांतून दाखवले, की ते पाण्याला जास्त अडवत असले तरी तेलाचीही वाट अडवते. घट्ट झालेले जेल बारीक छिद्रांत शिरत नाही, म्हणून भेगाळ खडकात ते निभावते. सेराइट आणि सिडान्स्क यांनी सहलेखक लेन यांच्यासोबत 2003च्या लेखात आग्रह धरला तो आधी निदानाचा: पाणी नेमके कुठून येते ते शोधा. भेगा नसलेल्या खडकात, तेलाचा थर आधी सुरक्षित केल्याशिवाय जेल सोडूच नये.