झडपांचे आवाज आणि त्यांचे अर्थ

निरोगी हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात स्टेथोस्कोपमधून दोन आवाज ऐकू येतात. खालचे कप्पे, म्हणजे निलये, आकुंचन पावू लागताच वरच्या कप्प्यांच्या, म्हणजे अलिंदांच्या, बाजूच्या झडपा मिटतात तो ‘लब्’; आणि आकुंचन संपताना महाधमनी व फुप्फुसधमनी यांच्या तोंडावरील झडपा मिटतात तो ‘डब्’. या दोन आवाजांच्या मधली जागा सहसा शांत असते. मात्र झडप आकसली किंवा गळू लागली की अरुंद वाटेने जोरात जाणाऱ्या रक्ताचा प्रवाह विस्कटतो आणि त्याची जी घरघर किंवा फुसफुस ऐकू येते, तिला डॉक्टर मर्मर म्हणतात.

मर्मर कोणत्या झडपेचा आहे हे प्रामुख्याने तो केव्हा ऐकू येतो आणि कोठवर पसरतो यावरून ठरते. डाव्या बाजूची द्विदली, म्हणजे मायट्रल, झडप गळत असेल तर ‘लब्’पासून ‘डब्’पर्यंतचा सारा काळ व्यापणारा आवाज काखेकडे जातो, महाधमनीची झडप आकसली असेल तर चढत जाऊन उतरणारा खरखरीत आवाज मानेपर्यंत पोचतो, आणि तीच झडप गळत असेल तर ‘डब्’नंतर लगेच येणारा, विरत जाणारा बारीक आवाज रुग्णाला पुढे वाकवून, श्वास सोडून रोखून धरायला सांगितल्यावर स्पष्ट होतो. ‘लब्’ आणि ‘डब्’ यांच्या मधला मर्मर ताप, रक्तक्षय किंवा गरोदरपण यांतही, तसेच अनेक धडधाकट मुलांतही आढळतो. ‘डब्’नंतरचा मर्मर मात्र जवळजवळ नेहमीच विकाराचे लक्षण असतो.

भारतात द्विदली झडप आकसण्यामागे बहुतेक वेळा संधिवातज ज्वर, म्हणजे रुमॅटिक फीव्हर, असतो. साधारण 5 ते 15 वर्षांच्या वयात स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंमुळे घसा दुखतो, त्या जिवाणूंविरुद्ध उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती काही मुलांत स्वतःच्याच झडपांवर उलटते, आणि पुढे वर्षानुवर्षे झडपेची पाती जाड होऊन कडेने एकमेकांना चिकटत जातात. 4 ते 6 चौरस सेंटिमीटरची वाट 1.5 किंवा त्याहून कमी झाली की आजार गंभीर मानला जातो. तपासताना रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतात, स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू हृदयाच्या टोकावर अलगद टेकवतात आणि शक्य तर खोलीतला पंखाही बंद करतात, कारण ऐकायची घरघर अत्यंत खालच्या सुरातली असते. तिच्या आधी पात्यांचा अडखळत उघडण्याचा ‘टक्’ असा आवाज येतो, आणि तो ‘डब्’च्या जितका जवळ, तितकी अलिंदातील दाबाची वाढ आणि झडपेची अडचण सामान्यतः अधिक असते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मर्मर मोठा म्हणजे आजार मोठा, असे नसते. झडप अतिशय आकसून रक्ताचा प्रवाहच मंदावला की मर्मर क्षीण होतो, कधी ऐकूही येत नाही.

हळदीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या वसमतसारख्या तालुक्यात या बाबींना व्यावहारिक महत्त्व आहे, कारण कोणत्या मुलाला टूडी एकोसाठी, म्हणजे ध्वनिलहरींनी होणाऱ्या हृदयाच्या तपासणीसाठी, नांदेडसारख्या ठिकाणी पाठवायचे, याचा पहिला निर्णय अनेकदा डॉक्टरांच्या कानावर अवलंबून असतो. 2013 च्या फेब्रुवारीत पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा व अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी होते आणि शोधायच्या आजारांच्या यादीत संधिवातज हृदयरोगाचा समावेश आहे. मात्र कंबोडिया आणि मोझांबिक येथील शाळकरी मुलांच्या 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुसत्या तपासणीपेक्षा एकोने सुमारे दहापट अधिक मुलांत हा रोग आढळला; त्यामुळे मर्मर नसणे म्हणजे झडप निर्दोष असणे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

लहानपणी निसटलेला आजार स्त्रियांत बरेचदा गरोदरपणी उघड होतो, कारण त्या काळात शरीरातील रक्ताचे प्रमाण 40 ते 50 टक्क्यांनी वाढते आणि आकसलेल्या झडपेमागे ते तुंबून धाप लागते. अशी धाप अशक्तपणाच्या नावावर खपवली जाऊ नये, यासाठी गरोदरपणाच्या तपासणीत छाती ऐकणे अगत्याचे ठरते. आजार वेळीच कळला तर दर 3 किंवा 4 आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन देऊन ज्वराचे नवे हल्ले टाळता येतात. आकसलेली झडप या उपायास योग्य असेल तर फुग्याने रुंदावता येते. आणि त्याही पुढच्या अवस्थेत कृत्रिम झडप बसवता येते; अशा झडपांत तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित होऊन 1990 मध्ये प्रथम रुग्णात बसवलेली देशी झडपही आहे. यांतील सर्वांत स्वस्त उपाय इंजेक्शनचा आहे, पण त्याचा सर्वाधिक लाभ झडप फारशी बिघडण्यापूर्वीच होत असल्याने, वारंवार घसा दुखणाऱ्या किंवा सांधे सुजणाऱ्या मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावणे आणि शंका असल्यास एकोसाठी पाठवणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.