भाताच्या खोडाचा कठीणपणा आणि खोडकिडा

घोटी ही इगतपुरी तालुक्यातील भाताची बाजारपेठ. येथील गिरण्यांतून तांदुळाबरोबर तुसाचे ढीगही निघतात. या तुसाचा खोडकिड्याशी संबंध आहे.

खोडकिड्याची मादी पानाच्या शेंड्याजवळ अंडीपुंज घालते. सुमारे आठवड्याने निघालेली अळी पर्णकोषातून खोडात शिरते. पीक लहान असल्यास पोंगा सुकतो; निसवताना हल्ला झाल्यास लोंबी पांढरी व पोकळ राहते. अळी एकदा आत शिरली की फवारा तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचतो. म्हणून तिला दारातच अडविणे इष्ट होय.

ज्या वाणांत पर्णकोष खोडास घट्ट वेढून असतो, खोडाची पोकळी अरुंद असते व वाळूतील सिलिका हे द्रव्य खोडात अधिक असते, तेथे अळीचे जबडे झिजतात. प्रवेशास विलंब झालेली कोवळी अळी पाऊस व भक्षक कीटकांच्या तावडीत सापडते. नत्र प्रमाणाबाहेर दिल्यास मात्र पीक हिरवेगार दिसते, पण खोड मऊ पडते. त्या हिरवेपणास भुलू नये. एकच गुण सर्व किडींवर चालतो असेही नाही. कपाशीच्या पानांवरील लव तुडतुड्यांना अडविते, पण बोंडअळीच्या पतंगास तीच अंडी घालण्यास सोयीची ठरते.

तुसात सिलिका विपुल असते. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेच्या मातीत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळतात. तूस पांढरे होईपर्यंत जाळू नये. त्या राखेतील सिलिका पिकास सहज मिळत नाही. राखेने कीड नाहीशी होत नाही, म्हणून लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून अंडीपुंजांसह नष्ट करावेत.