‘बटाटा’ शब्द मूळचा मराठी नाहीच! मग स्पेनमध्ये ‘बतता’ मागितला तर काय मिळेल?

अंधेरी स्टेशनबाहेर भाजीवाल्याला ‘आलू कैसे दिया?’ विचारलं की सोबतचं कुणीतरी हमखास म्हणतं, “अरे, मराठीत बटाटा म्हण ना!” म्हणणं बरोबरच आहे. पण गंमत बघा, ‘आलू’ची नाळ संस्कृतमधल्या ‘आलु’ म्हणजे कंद या शब्दाशी आहे आणि आपला ‘बटाटा’ मात्र सातासमुद्रापारचा.

हा शब्द आला कुठून?

कॅरिबियन बेटांवरचे तायनो लोक रताळ्याला ‘बतता’ म्हणायचे. १४९२ नंतर स्पॅनिश लोक तिथे पोहोचले आणि त्यांनी हा शब्द उचलला. पुढे दक्षिण अमेरिकेत त्यांना खरा बटाटा भेटला. तिथल्या केचुआ भाषेत त्याचं नाव होतं ‘पापा’. या दोन्ही शब्दांच्या सरमिसळीतून ‘पताता’ तयार झाला.

आज स्पॅनिशमध्ये कशाला काय म्हणतात?

• बतता : रताळं. मेक्सिकोत त्यालाच ‘कामोते’ म्हणतात.
• पताता : स्पेनमधला बटाटा. फोटो काढताना आपण ‘चीज’ म्हणतो, तिथे ‘पताता’ म्हणतात!
• पापा : लॅटिन अमेरिकेतला बटाटा. पण ‘एल पापा’ म्हणजे पोप आणि शेवटच्या अक्षरावर जोर दिला तर बाबा. ‘नि पापा’ कळत नाही, म्हणजे आपल्याकडचं ओ की ठो कळत नाही.

मग मुंबईत कसा पोहोचला?

पोर्तुगीजांमुळे. त्यांच्या भाषेत ‘बटाटा’ म्हणजे आपलाच बटाटा. रताळं म्हणजे ‘गोड बटाटा’. १५३४ च्या तहाने साष्टी बेट त्यांच्याकडे गेलं, ते १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकून घेतलं. आजचे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर याच साष्टीवर आहेत. पोर्तुगीज गेले, पण पाव, चावी, पगार आणि बटाटा हे शब्द मागे राहिले. म्हणजे वडापावमधला वडा तेवढा इथला. आतला बटाटा आणि बाहेरचा पाव, दोन्ही नावं पोर्तुगीजांची!

म्हणून ‘बटाटा’ परका ठरतो का?

अजिबात नाही. तो उपवासाला चालतो, लग्नाच्या पंगतीत वाढला जातो, घाटकोपरच्या गुजराती घरातही याच नावाने ओळखला जातो. शब्द कुठे जन्मला यापेक्षा तो रोज कुणाच्या तोंडी आहे, यावर तो कुणाचा हे ठरतं.

त्यामुळे पुढच्या वेळी कमेंटमध्ये ‘शुद्ध मराठी’वरून भांडण पेटलं, तर आधी हातातला वडापाव आठवा. आणि हो, बटाटाच म्हणा!