नावात नसलेले शिसे

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, हे पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील. परंतु या विषयाकडे मी वळलो तो शब्दाच्या वाटेनेच. वर्गात शब्दांच्या कुळकथा सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, शिसपेन्सिलीत शिसे असते का हो?” शिसपेन्सिलीत शिशाचा कणही नसतो. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये बॉरोडेल येथे एक काळा, मऊ, ओढला की उमटणारा पदार्थ सापडला. लोकांना तो शिशाचाच एक प्रकार वाटला. पुढे तो शुद्ध कार्बन, म्हणजे ग्रॅफाइट, असल्याचे सिद्ध झाले; पण चिकटलेले नाव काही सुटले नाही. मग मला छंद लागला तो उलट नमुना शोधण्याचा. नावात शिसे आहे पण वस्तूत नाही, हे झाले. वस्तूत आहे आणि नावातून मात्र मुद्दाम वगळले आहे, असे काही आहे काय? तसे निघाले ते पेट्रोल. आणि ती हकिकत हाती लागल्यावर शब्दांचा छंद बाजूला राहिला.

शिसे आपल्याला परके नव्हे. बंदुकीच्या गोळ्या शिशाच्या, कोळ्यांच्या जाळ्यांना लावलेली वजने शिशाची. मारुतीरायाच्या अंगावरचा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच तांबडा गंज. आयुर्वेदाने या धातूला ‘नाग’ म्हटले आणि शोधनावाचून तो पोटात जाऊ देऊ नये अशी ताकीद दिली. एके काळी दिवाळी अंकदेखील शिशाच्या खिळ्यांनीच छापले जात. मात्र हे सारे शिसे हातात, भिंतीवर, पेटीत राहणारे होते. त्याला हवेत उडवून घरोघरी पोचवण्याची युक्ती विसाव्या शतकात निघाली, आणि ती निघाली एका अगदी साध्या अडचणीतून.

मोटारीच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण नळकांड्यात दाबले जाते व त्यावर ठिणगी टाकली जाते. ज्योत एका बाजूने दुसरीकडे सरळ पसरत गेली म्हणजे दट्ट्याला एकसारखा रेटा बसतो. फटाक्यांची माळ एका टोकाने क्रमाक्रमाने उडत जावी तसे हे ज्वलन. पण समजा, माळेचे पहिले चार फटाके उडताहेत तोच त्या उष्णतेने पलीकडल्या टोकाचा सगळा पुंजका एकदम उडाला, तर? इंजिनात तसेच होई. ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपणहून पेट घेई आणि आतून कोणी हातोडी मारीत असल्यासारखे ठोके ऐकू येत. मिश्रण जितके अधिक दाबावे तितकी त्याच पेट्रोलमधून शक्ती अधिक मिळते. पण जितके दाबावे तितके ठोकेही वाढतात. म्हणजे चांगल्या इंजिनाची वाटच अडलेली.

अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन गावी चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत हे कोडे थॉमस मिजले या तरुण यंत्रज्ञाकडे आले. मोटार हँडल मारून सुरू करण्याच्या त्रासातून जगाला सोडवणारे केटरिंग ते हेच. मिजले यांचे शिक्षण यंत्रशास्त्राचे, रसायनशास्त्राचे नव्हे. त्यामुळे त्यांचा पहिला तर्क ऐकून हसू येते. बर्फ असतानाच फुलणारी एक रानवेल त्यांना ठाऊक होती. तिच्या पानांना लाल झाक असते. त्या लालीमुळेच ती उष्णता लवकर शोषून घेत असेल, तर पेट्रोलही लाल रंगवून पाहावे! दुकानात लाल रंग मिळेना, म्हणून त्यांनी आयोडीन घातले. ठोके थांबले. पुढे खरे लाल रंग आणून घातले, तेव्हा एकाचाही उपयोग होईना. गुण लालीचा नव्हता, आयोडीनचा होता. चुकीच्या तर्काने बरोबर दार उघडले, असे शास्त्रात पुष्कळदा घडते.

आयोडीन महाग आणि यंत्राला खाणारे. मग एकामागून एक पदार्थ तपासण्याचा सपाटा सुरू झाला. टेल्यूरियमची संयुगे गुणकारी ठरली, पण त्यांचा लसणासारखा दर्प अंगाला, कपड्यांना असा बसे की माणसांत वावरणे मुश्किल. शेवटी ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथिल लेड, म्हणजे इथिलशी बांधलेल्या शिशाचा द्रव, इंजिनात घातला गेला. अगदी चिमूटभर! ठोके साफ बंद. गॅलनभर पेट्रोलला चमचाभरही लागत नाही असे हे औषध. इंजिनात त्याचे बारीक कण सुटतात आणि अवेळी भडकू पाहणाऱ्या मिश्रणातील रासायनिक साखळी तोडतात.

दुसरीही एक वाट होती. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळला तरी ठोके कमी होतात, हे मिजले यांना चांगले माहीत होते. पण मद्यार्क कोणीही शेतकरी गाळू शकतो. त्याची मक्तेदारी कोण देणार? शिशाच्या द्रवाचे पेटंट घेता येत होते. (आज आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले बरेचसे उसातून येते. आपल्या साखर कारखान्यांच्या अंगणात त्याच जुन्या वाटेचे नवे टोक आहे.) तेव्हा निवड शिशाची झाली. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन येथे ते प्रथम विक्रीस आले, आणि त्याचे बारसे झाले ‘इथिल’! शिसे हा शब्दच नावातून गाळला. भाषेच्या शिक्षकाला येथे थांबावेसे वाटते. शिशाचे विष कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. वैद्यांना ते शतकानुशतके ठाऊक होते. ठाऊक नसते, तर नाव लपवण्याचे कारणच पडले नसते.

शिवाय आणखी एक खुबी. शिसे इंजिनातच साठून राहिले तर झडपा आणि स्पार्क प्लग खराब होतात. म्हणून त्यात ब्रोमीनचे एक संयुग घालीत. ते शिशाला बरोबर घेऊन धुराच्या नळीतून बाहेर काढी. इंजिनाची प्रकृती उत्तम राहिली. ते बाहेर पडलेले शिसे कोठे जाते, हा प्रश्न इंजिनाचा नव्हता.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हा द्रव तयार करणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागू लागले. नसलेल्या गोष्टी त्यांना दिसू लागल्या. पाच जण दगावले, तीसाहून अधिक इस्पितळात गेले. तेव्हा मिजले यांनी पत्रकारांपुढे तो द्रव आपल्या हातावर ओतून घेतला, सुमारे मिनिटभर त्याचा वास घेतला आणि रोज असे केले तरी काही होणार नाही असे सांगितले. वस्तुतः आदल्या वर्षी शिशाच्याच बाधेमुळे त्यांना फ्लॉरिडात विश्रांतीसाठी जावे लागले होते. या प्रसंगाला धैर्य म्हणावे की आणखी काही, ते मी वाचकांवर सोपवतो.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली. हार्वर्ड विद्यापीठातील पहिल्या महिला अध्यापक डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी स्पष्ट विरोध केला. कारखान्यांतील विषबाधेचा त्यांच्याइतका अनुभव फार थोड्यांना होता. कारखान्यात काळजी घेता येईल, पण रस्त्यावर श्वास घेणाऱ्या सगळ्या लोकांची काळजी कोण घेणार, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुसऱ्या बाजूने एका अधिकाऱ्याने या शोधाला देवाची देणगी म्हटले. समितीने काही महिने तपासणी केली, बंदीला पुरेसे कारण दिसत नाही असे सांगितले, आणि अभ्यास पुढे चालू ठेवावा अशी शिफारस केली. तो अभ्यास पुढे चाळीस वर्षे बहुतांशी उद्योगाच्याच पैशाने चालला. डॉ. रॉबर्ट केहो हे त्याचे मुख्य आचार्य. त्यांनी मेक्सिकोतील मोटारी नसलेल्या खेड्यातील माणसे तपासली. त्यांच्याही शरीरात शिसे निघाले. तेव्हा शिसे माणसात निसर्गतःच असते, असा निष्कर्ष निघाला. ती माणसे शिशाचा मुलामा दिलेल्या मातीच्या भांड्यांत जेवत होती, इकडे कोणी फारसे पाहिले नाही.

या निष्कर्षाला धक्का बसला तो भलतीकडूनच. क्लेअर पॅटरसन नावाचे भूरसायनशास्त्रज्ञ पृथ्वीचे वय मोजत होते. उल्केच्या तुकड्यातील शिशाच्या निरनिराळ्या प्रकारांचे प्रमाण काढले की ते वय निघते. पण आकडे जुळेनात. पाहावे तेथे शिसे! पाण्यात, काचेच्या भांड्यांत, हवेतल्या धुळीत, स्वतःच्या केसांत. त्यांनी प्रयोगशाळेची सोवळ्यातल्या स्वयंपाकघरासारखी व्यवस्था लावली. सारे पुन्हा पुन्हा घासले, हवा गाळून आत घेतली, आणि १९५६ मध्ये पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. आजही तो आकडा जवळपास तसाच टिकला आहे. दुसरा कोणी एवढ्यावर कृतार्थ झाला असता. पॅटरसन मात्र विचारीत राहिले की, हे बाकीचे शिसे आले कोठून? समुद्राच्या पृष्ठभागावर ते अधिक आणि खोलवर कमी, म्हणजे वरून पडलेले. ग्रीनलंडच्या बर्फाचे वर्षावर्षांचे थर तपासले, तर १९४० नंतर शिसे झपाट्याने वाढलेले. १९६५ साली त्यांनी लिहिले की, अमेरिकन माणसाच्या शरीरातील शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे शंभरपट आहे. ‘नेहमीचे’ आणि ‘नैसर्गिक’ हे दोन शब्द एक नव्हेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. तेलउद्योगाकडून मिळणारे संशोधनाचे पैसे बंद झाले. १९७१ मध्ये हवेतील शिशाविषयी तज्ज्ञांची राष्ट्रीय समिती नेमली, तीत त्यांचे नाव नव्हते.

तिसरा पुरावा मुलांच्या तोंडून आला, आणि तोही अक्षरशः. आपल्याकडे पडलेला दुधाचा दात कौलावर फेकतात किंवा उंदराला देतात. बॉस्टनच्या डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी आसपासच्या शाळांतील दोन हजारांहून अधिक मुलांचे ते दात जमवले. शिसे शरीरात शिरताना कॅल्शियमचे सोंग घेते आणि हाडांत व दातांत जाऊन बसते, म्हणून दात म्हणजे बालपणाचा जमाखर्चच. आजारी न दिसणारी, शाळेत जाणारी ही मुले. पण ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांची बुद्धिमापनातील सरासरी कमी आणि लक्ष टिकण्याबद्दल शिक्षकांच्या तक्रारी अधिक. हा निबंध १९७९ साली प्रसिद्ध झाला. पुढे नीडलमन यांच्यावर आकडेमोडीत लबाडी केल्याचे आरोप झाले. चौकशी होऊन ते आरोप निराधार ठरले, पण त्यांची कित्येक वर्षे त्यात गेली. दहाव्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहणारा मुलगा आम्हा शिक्षकांना नुसता आळशी वाटतो. हा निबंध वाचल्यापासून मी तो शब्द जपून वापरतो.

गंमत अशी की, पेट्रोलमधले शिसे सुटू लागले ते प्रथम मुलांसाठी नव्हे. १९७५ पासून अमेरिकन मोटारींना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. त्यात प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. त्यावरून जाताना विषारी वायूंचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. शिसे त्या थरावर बसले की तो निकामी. प्लॅटिनमला विषबाधा होते म्हटल्यावर शिसे नसलेले पेट्रोल पंपांवर आले! परिणाम मात्र माणसांत दिसला. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकन लोकांच्या रक्तातील शिसे सरासरीने सुमारे ३७ टक्क्यांनी उतरले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयात एम. सी. मेहता यांनी लढवलेल्या वाहनप्रदूषणाच्या दाव्याने या गोष्टीला गती दिली. एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत कन्व्हर्टर लावलेल्या नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी २००० पासून ते देशभर झाले. पंपांवरच्या ‘अनलेडेड’ या पाट्या अनेकांना आठवत असतील. शिसे नावात आले ते असे, ते गेल्यानंतर. मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ साली थांबले. लहान पंख्याच्या विमानांच्या इंधनात मात्र ते अजून आहे.

मिजले यांना १९४० मध्ये पोलिओ झाला. अंथरुणातून उठता यावे म्हणून त्यांनी स्वतःच दोऱ्या व कप्प्यांचे एक यंत्र बनवले. १९४४ साली त्याच दोऱ्यांत गळा अडकून ते मरण पावले. वातानुकूलनासाठी त्यांनी शोधलेला दुसरा पदार्थ पृथ्वीभोवतीचा ओझोनचा थर विरळ करतो, हे कळायला आणखी तीस वर्षे जायची होती.

घरोघरच्या मंडळींना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. पेट्रोल सुटले तरी जुना रंग, मोडीत काढलेल्या बॅटऱ्या आणि पिवळेपणासाठी हळदीत मिसळलेले शिशाचे रंगद्रव्य यांतून ते आजही मुलांच्या पोटात जाते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या शरीरात साधारण दहावा हिस्सा मुरतो, लहानांच्या शरीरात निम्म्याच्या आसपास. आहारात लोह व कॅल्शियम पुरेसे असले की ते कमी मुरते.

हाडांत बसलेले शिसे निम्मे व्हायलाच दोन-तीन दशके लागतात. माझे बालपण वडिलांच्या स्कूटरवर, पुढे उभे राहून, समोरच्या गाड्यांचा धूर तोंडावर घेत गेले. तेव्हा ते पेट्रोल पंपावरून गेले असले, तरी माझ्या हाडांत त्यातले थोडेफार असणारच.