लकव्यानंतर घरच्या घरी खेळ

गडचिरोलीतल्या ८६ गावांत ‘सर्च’ संस्थेने २०११ ते २०१३ या काळातल्या १५९९ मृत्यूंची कारणे तपासली. त्यांतले २२९ मृत्यू लकव्याने झालेले निघाले. इतर कुठल्याही कारणापेक्षा जास्त. जे वाचतात, त्यांना व्यायामासाठी रोज तालुक्याला जाणे परवडत नाही. इथे घरचे खेळ उपयोगी पडतात. तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली की मेंदूतल्या शाबूत पेशी आपसांत नव्या जोडण्या करतात. दुबळ्या हाताने सागरगोटे उचलून वाटीत टाकावेत. खाटेवरून उठता-बसता वीसपासून उलटे आकडे म्हणावेत. शरीर आणि लक्ष दोन्ही एकदम कामाला लागतात. तोल जात असेल तर घरच्या कुणीतरी शेजारी उभे राहावे. चक्कर आली किंवा छातीत दुखले तर लगेच थांबावे, आणि सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी.